गाव सोडायचे म्हणजे सातबाराही सोडायचा का?

आपल्या तरुणांच्या शिबिरात शेतीचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. 'बाबासाहेबांनीच सांगितले आहे, खेडे सोडा, शहरात जा.' हे म्हणणारा बहुधा पुण्यात नाहीतर ठाण्यात जन्मलेला असतो, आणि एवढे म्हणून झाले की विषय संपला असे त्याला वाटते. मग आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, संविधान यांवर तासन्‌तास चर्चा होते. जमिनीवर होत नाही. जमीन म्हणजे जणू मराठ्यांच्या मोर्चाचा किंवा लाल झेंडेवाल्यांचा विषय. आपला त्याच्याशी संबंध संपला.

खेड्याविषयी बाबासाहेबांचे मत काय होते याबद्दल कुणाला शंका असण्याचे कारण नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले ते आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे. पण त्याच्या सहा वर्षे आधी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत झालेला ठराव किती जणांना ठाऊक आहे? त्या ठरावात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी होती, आणि त्या वसाहतींसाठी सरकारी पडीक जमिनी मागितल्या होत्या. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही तीच मागणी आहे, आणि त्याच्या जोडीला शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, ती सामुदायिक पद्धतीने कसली जावी, अशी योजना आहे. म्हणजे सोडायचे होते ते गावकुसाबाहेरचे जिणे. जमीन सोडायची नव्हती, मागायची होती. सवर्णांच्या बांधावर मजुरीला जाणारा माणूस त्याच सवर्णांविरुद्ध पोलीस ठाण्यात जबाब कसा देणार, एवढा साधा हिशोब त्यामागे होता.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण मुळशीतल्या एका शेतावर काढलेली दुपार.

शेत आमच्या मित्राच्या घरचे. मित्र हिंजवडीत एका कंपनीत संगणकावर काम करतो, वाकडला भाड्याने राहतो, आणि सहा डिसेंबरला व चौदा एप्रिलला आमच्याबरोबर पुस्तकांच्या स्टॉलवर उभा असतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्याने फोन केला. 'गावाकडे चल. काकीकडे एक कागद आलाय. तुला असल्या कागदांची सवय आहे, एकदा वाचून दे.' सामाजिक कामात असल्यामुळे लोक आमच्याकडे कविता नाही आणत, कागदच आणतात.

चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलकच फलक. निसर्गाच्या कुशीत, डोंगराच्या पायथ्याशी, धरणाच्या समोर. आणि खाली गुंठ्याचा भाव, सुलभ हप्ते. पौडनंतर फलक जरा विरळ होतात आणि भाताची खाचरे दिसू लागतात. दिवाळीनंतर आलेल्या पावसाने बरेच भात आडवे केले होते. उभे होते ते पिवळे धमक, काही ठिकाणी कापणी उरकून भारे बांधावर पसरलेले. हाच रस्ता पुढे ताम्हिणी घाटातून माणगावला उतरतो. वीस मार्चला महाडला जाणाऱ्या आपल्या कितीतरी गाड्या इथूनच जातात, निळे झेंडे लावून. आजूबाजूच्या खाचरांपैकी कोणते खाचर कधीकाळी महारकीचे होते हे त्या गाड्यांतून कुणी विचारत नाही.

मित्राचे शेत २२ गुंठे. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती, वस्तीच्या खाली ओढा, ओढ्याला लागून चार खाचरे. काकी कापलेल्या भाताजवळ बसून पेंढ्या उलट्या करत होत्या, खालची ओल सुकावी म्हणून. वय साठीच्या आसपास. काका जाऊन दोन वर्षे झाली. आम्हाला पाहून त्यांनी विळा बाजूला ठेवला.

'जयभीम. बसा पोरांनो. आधी जेवा, मग त्यो कागद बघा. कागद काय पळून जात न्हाय.'

नव्या इंद्रायणीचा भात, सुकटीची चटणी, नाचणीची भाकरी. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिले, आंबेमोहोराच्या वंशातले. नवा तांदूळ असल्याने भात चिकट झाला होता आणि वास घरभर होता. शहरातल्या लोकांनी यावर एखादी सुंदर कविता केली असती. आम्ही विचारले, किती पोती होतात? काकी म्हणाल्या, बऱ्या साली सात-आठ पोती भात, औंदा पाच झाली तरी पुष्कळ. वर्षभराचे घरचे खाणे निघते, आणि मुलींकडे एकेक पोते तांदूळ जातो. विकायला काही उरत नाही. भात निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा आणि पावटा.

जेवण झाल्यावर त्यांनी ट्रंकेमागून एक प्लास्टिकची पिशवी काढली.

आत दोन कागद होते. पहिला सातबारा. त्यावर 'भोगवटादार वर्ग २', आणि इतर हक्कांच्या रकान्यात नवीन शर्तीची नोंद. हे २२ गुंठे म्हणजे महार वतनाचा हिस्सा. ज्यांना हे सगळे माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, पण आमचा अनुभव असा की पदवीधर तरुणांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

महार वतन ही कुणी दिलेली बक्षिसी नव्हती. गावाची आणि सरकारची चोवीस तास चाकरी, सांगावा पोचवणे, सारा वसूल होताना राबणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, आणि त्याबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते. एका घराच्या वतनासाठी सगळी घरे राबायची. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामीला कायद्याचे रूप दिले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात तो कायदा बदलणारे विधेयक आणले. त्यांचे म्हणणे होते की चाकरीचे जोखड काढा आणि जमीन सारा घेऊन कसणाऱ्याच्या नावे करा. वतन बुडेल या भीतीने आपल्यातल्याही काही लोकांना ते पटले नव्हते. अखेर १९५८ चा कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतन गेले, जमीन सरकारजमा झाली, आणि साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती परत दिली गेली. पण अट घालून. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येणार नाही, वाटून देता येणार नाही. सातबाऱ्यावरचे 'वर्ग २' म्हणजे हेच.

ही अट संरक्षण आहे की बेडी, यावर आपल्यात वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. मराठ्याची शेजारची जमीन वर्ग १, तो बँकेत गेला की कर्ज, विकायला गेला की पूर्ण भाव. आपल्या माणसाला बँक दारात उभी करत नाही आणि गिऱ्हाईक निम्म्या भावाची भाषा करते. दुसरीकडे, ही अट नसती तर पुण्याच्या आसपासची एकही वतनी जमीन १९७० सालापर्यंतसुद्धा टिकली नसती. आमचा कल अट राहू द्यावी याकडे आहे. मात्र ती विकण्यासाठी जितकी कडक आहे तितकीच कर्ज देताना आणि वारस लावताना सरकारने सैल करावी. तसे होत नाही. अट पाळायची ती गरिबाने, आणि तिच्यातून वाट काढायची ती पैसेवाल्याने.

आता दुसरा कागद. मथळा होता 'विकसन करारनामा व अपरिवर्तनीय कुलमुखत्यारपत्र'. टंकलिखित बारा पाने, काकींना दिलेली झेरॉक्स मात्र आठच पानांची. मधली चार पाने गायब. जमिनीचा भाव गुंठ्याला अडीच लाख, म्हणजे एकूण ५५ लाख. त्यापैकी आता द्यायचे ते विसाराचे तीन लाख. बाकीचे 'सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी प्राप्त झाल्यानंतर'. जमिनीचा कब्जा मात्र सही होताच. परवानगी आणण्याची आणि शर्तभंग झाल्यास येणाऱ्या कारवाईची सगळी जबाबदारी 'लिहून देणार' यांची. म्हणजे तीन लाखांत २२ गुंठे ताब्यात, आणि उद्या शर्तभंगाची नोटीस आली तर ती काकींच्या दारात.

हे वाचत असताना मित्र काहीच बोलला नाही. आम्ही नावांच्या रकान्यात आलो. लिहून देणार चार जण. मित्र, चेंबूरच्या काकांचे दोन मुलगे आणि काकी.

'तुझ्या आजोबांना मुले किती?'

'तीन मुलगे. माझे वडील, हे काका, चेंबूरचे काका.'

'आणि मुली?'

'एक. आत्या. मुंबईलाच असते.' मग थोड्या वेळाने, 'तिचं नाव नाहीये यात.'

आम्ही तिथेच वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली. आजोबा १९७० नंतर गेलेले. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे चार अपत्यांचे चार समान हिस्से. मित्राच्या घरात तो, त्याची आई आणि बहीण. काकींच्या घरात त्या आणि दोन लग्न झालेल्या मुली. चेंबूरला काकू, दोन मुलगे, एक मुलगी. आणि आत्या. एकूण अकरा वारस. त्यातले तीन पुरुष, आठ बायका. कागदावर तिन्ही पुरुष होते आणि आठपैकी एक बाई होती, तीही जमीन तिच्या ताब्यात आहे म्हणून.

ही यादी आम्ही मुद्दाम इथे देत आहोत. हिंदू कोड बिलासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रीपदाचा राजीनामा देणाऱ्या नेत्याचा फोटो या घराच्या भिंतीवर आहे. त्याच फोटोखाली हा कागद दहा दिवस पडून होता आणि सात बायकांची नावे गळाली आहेत हे घरातल्या एकाही पुरुषाच्या लक्षात आले नव्हते. आमचा मित्र वाईट माणूस नाही. पण सातबारा म्हणजे पुरुषांचा मामला हे मनुस्मृती न वाचताही अंगात मुरलेले असते.

काकींचे स्वतःचे नाव तरी सातबाऱ्यावर आहे का? नाही. तिथे अजून काकांचेच नाव आहे. वारसनोंदीचा अर्ज दोन वर्षांपूर्वी दिला. एका कार्यालयात जुना फेरफार सापडत नाही म्हणून त्यांना तीनदा परत पाठवले. विकत घेणाऱ्याला मात्र नोंद नसलेली काकी चालते. सही हवी असते तेव्हा बाई वारस असते, तांदळाचे अनुदान किंवा पीकविमा हवा असतो तेव्हा नसते.

हा कागद आणणारा कोण, असे आम्ही विचारले. काकी हसल्या.

'आपलाच पोरगा हाय. शेजारच्या गावचा. गाडीवर मोठं जयभीम लिव्हलंय.'

हे ऐकून वाचकांना धक्का बसला असेल तर त्यांनी पुण्याच्या आसपास एखाद्या वस्तीत महिनाभर राहून यावे. वतनी जमिनीच्या धंद्यात सर्वांत खालचा दलाल बहुतेक वेळा आपलाच असतो, कारण वस्तीत त्यालाच घरात घेतले जाते. वरचा पैसा कुणाचा असतो हे कागदावर कधी येत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीचे प्रकरण गाजले. ३०० कोटींचा व्यवहार आणि मुद्रांक शुल्क ५०० रुपये, असे आकडे सगळ्या वाहिन्यांवर फिरले. त्यातही पाया होता तो वतनदारांच्या वारसांकडून घेतलेल्या कुलमुखत्यारपत्रांचा. चर्चा मात्र झाली ती फक्त मोठ्या नावांची, कोण राजीनामा देणार याची. मूळ वतनदारांच्या नातवंडांच्या हातात काय पडले, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. आणि मुळशीतले २२ गुंठे बातमीत येण्याइतके मोठे नसतात.

मित्राची बाजूही सांगितली पाहिजे. बांधावर बसून तो बराच वेळ बोलला, आणि तो जे बोलला ते खोटे नव्हते.

'हे बघ, मी इथे येऊन शेती करणार नाही. माझी पोरगी तर नाहीच नाही. २२ गुंठ्यांत काय होतं? पाच पोती भात. त्यासाठी काकी कंबर मोडून घेते. मला घराचं कर्ज काढायचंय. सहा-सात लाख आले तर तेवढी भर. भावना बाजूला ठेव आणि सांग, ही शेती परवडते का?'

प्रश्न बरोबर आहे, आणि नेमका हाच प्रश्न बाबासाहेबांनी १९१८ मध्ये हाताळला होता. भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध आपल्याकडे फार कमी वाचला जातो, कारण त्यात जात हा शब्द शोधावा लागतो. त्या काळी सगळे म्हणत होते की तुकडे लहान आहेत म्हणून शेती बुडते. एकत्रीकरण करा, वाटण्या थांबवा. बाबासाहेबांचे उत्तर वेगळे होते. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती माणसांचा भार आहे आणि तिच्यात किती भांडवल घातले आहे यावर ठरते. जादा माणसे शेतीतून उद्योगाकडे जाऊ द्या, मग उरलेल्यांची शेती आपोआप परवडू लागेल. पुढे ऑक्टोबर १९२७ मध्ये वाटण्या रोखणारे विधेयक मुंबई कायदे मंडळात आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. अशाने गरिबांची मुले भूमिहीन होऊन श्रीमंतांच्या दारात जातील, त्यापेक्षा तुकडे सहकाराने एकत्र कसा, असे त्यांचे म्हणणे होते.

मित्राला आम्ही एवढेच म्हणालो की तू हिंजवडीला गेलास ते या निबंधाप्रमाणेच झाले. अकरा वारसांपैकी दहा जणांचे पोट आज या जमिनीवर नाही. मग २२ गुंठे एका काकीला लहान आहेत का? तिचे वर्षाचे धान्य निघते, कुणाच्या बांधावर ती मजुरीला जात नाही, आणि सरपंचाच्या घरी तिला कुणी वाकून उभे राहायला सांगू शकत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात एम. एन. श्रीनिवास यांची 'प्रभावी जात' ही संकल्पना आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. संख्या, शिक्षण, सत्ता आणि जमीन. गावात आपली संख्या नाही, सत्ता नाही. शिकलेले सगळे बाहेर गेले. उरली ती काकी आणि ही चार खाचरे.

'म्हणजे काकीच्या जिवावर आम्ही स्वाभिमान टिकवायचा?' मित्राने विचारले. याला आमच्याकडे त्या वेळी चांगले उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही.

हिंजवडीचेच घ्या. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे. जिथे मित्र वातानुकूलित इमारतीत बसतो तिथे याच तालुक्याची शेती होती. पश्चिमेला पाहिले तर धरण. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने नीला आणि मुळेच्या संगमावर ते बांधायला घेतले तेव्हा पन्नासच्या वर गावांवर पाणी येणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी. शाळेच्या पुस्तकात एवढेच येते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला त्यात न येणारी गोष्ट आहे. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेलेल्या होत्या. मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा कागदावरचा मालक आणि जमिनीत राबणारा मावळा यांचे हित एक राहिले नाही. ज्याच्या नावावर कागद होता त्याच्याशी कंपनीला सौदा करता आला. ज्याचे फक्त हात होते तो घोषणा देऊन तुरुंगात गेला आणि सुटून आला तेव्हा पाणी चढलेले होते. शंभर वर्षांत मुळशीने धरण पाहिले, कारखाने पाहिले, आयटी पार्क पाहिले, लवासा पाहिले, आता फार्महाऊस पाहत आहे. प्रत्येक वेळी कुणाला काय मिळाले हे कागदाने ठरवले. म्हणून कागद वाचायला शिकणे हे आम्ही चळवळीचे काम मानतो, वकिलांचे नाही.

बोलणे चालू असताना पलीकडच्या खाचरात चार माणसे झोडणी करत होती. ते खाचर गावातल्या एका बागायतदाराचे, माणसे कातकरी. उन्हे कलेपर्यंत त्यांनी पाठ सरळ केलेली दिसली नाही. काकींच्या शेतातही कापणीला दोन दिवस त्यांच्यातल्याच दोघी आल्या होत्या. काकींनी रोजंदारी चुकती केली, जेवण आपल्या ताटाशेजारी ताट मांडून दिले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. पण आपण भूमिहीनांच्या नावाने भाषण करतो तेव्हा मुळशीत आपल्याहूनही खाली, घराखालची जागासुद्धा नावावर नसलेला हा समाज आहे, याचा उल्लेख आपल्या ठरावांत असतो का? ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह उभा केला त्यात लाखो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या मागणीत पडीक जमीन सगळ्याच भूमिहीनांसाठी होती, एका जातीसाठी नव्हती.

दादासाहेबांच्या नावाने आज सरकारची सबळीकरण योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख अशी खरेदीची मर्यादा. मुळशीत ५ लाखांत एकर कोण देणार? दलालाने आपल्या वर्ग २ च्या पडेल भावात लावलेले दोन गुंठे तेवढ्यात येतात. म्हणजे या तालुक्यात हातची जमीन एकदा गेली की पुन्हा मिळण्याची सरकारी वाटही बंद. सोडायची तर हे समजून सोडावी.

विकूच नका असा आमचा आग्रह नाही. कुणाच्या मुलीचे शिक्षण अडले असेल, कुणाचे ऑपरेशन असेल, तर जमीन पूजा करण्यासाठी नसते. पण विकायचीच तर अकरा वारसांच्या सह्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेऊन, नजराणा कोण भरणार हे लिहून घेऊन आणि पूर्ण रक्कम बँकेतून आल्यावरच कब्जा देऊन. असे म्हटले की दलाल दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही, हाही आमचा अनुभव आहे. आणि ठेवायची तर शेजारच्या दोन भावकीतल्या पडून असलेल्या खाचरांसकट ठेवावी. ओढ्याकाठी आपल्या लोकांचे मिळून पावणेदोन एकर आहे. त्यातले निम्म्याहून अधिक तीन वर्षे पड आहे. पीकपाहणीत 'पड' लागत गेले की पुढे कुणीही येऊन हे कसतच नाहीत असे म्हणायला मोकळा. पावणेदोन एकर एका मोटारीवर आणि एका मळणीयंत्रावर कसता येईल की नाही हे कुणी बसून मांडलेले नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब मांडणारी मुले वस्तीत आहेत. हाही हिशोब त्यांना जमेल.

निघताना काकींनी आम्हाला विचारले, 'माझं नाव कधी लागंल?' जमीन राहणार की जाणार हे नाही विचारले.

मित्राने सोमवारी रजा टाकली. १९५९ नंतरचे सगळे फेरफार आणि गाव नमुना १-क चा उतारा यांच्या नकला मिळाव्यात म्हणून त्याने लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. वारसनोंदीचा नवा अर्ज अकराही नावांनिशी केला. तोंडी परत पाठवले तर नकाराचे कारण लेखी द्या असे म्हणायचे, हे काकींना शिकवून ठेवले आहे. येत्या रविवारी वस्तीतल्या विहारात अकरा जणांची बैठक ठेवली आहे. चेंबूरचे दोघे भाऊ विकायच्या बाजूचे आहेत आणि ते तसे मोकळेपणाने म्हणतात. आत्याने येते म्हणून कळवले. या जमिनीबद्दल तिला आजवर कुणी फोनच केलेला नव्हता. दलालानेही निरोप पाठवला, आपण आलो तर चालेल का. मित्राने त्याला या म्हणून सांगितले आहे, फक्त करारनाम्याची बाराही पाने घेऊन या.

जयभीम.